तापाचं औषध बाळाला जास्त गेलं तर काय करायचं

हे वाचताना बाळ कडेवर आणि औषधाची रिकामी बाटली हातात असेल, तर बाकीचं नंतर वाचा. आत्ता इतकंच करा: बाटली बाळाच्या हातून काढा, घड्याळात किती वाजले ते बघा आणि १८०० ११६ ११७ ला फोन लावा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा हा नंबर. पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही चालू असतो, हिंदीत बोललात तरी चालतं. बाळ उठवून उठत नसेल, झटके येत असतील, धाप लागली असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर या फोनमध्येही वेळ घालवू नका. सरळ १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

ज्यांच्या घरी असं काही घडलेलं नाही, त्यांनी सावकाश वाचावं. मी बेळगावकडचा, औषधं विकणारा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. पण गडबड कुठे होते ते बऱ्याचदा डॉक्टरांच्या आधी मेडिकलवाल्याला कळतं, कारण "कालची संपली, अजून एक द्या" हे वाक्य आमच्या काउंटरवर बोललं जातं. ६० मिलीची बाटली दीड वर्षाच्या पोराला एका दिवसात संपायचं काही कारण नाही.

तापाचं औषध म्हणजे इथे पॅरासिटामॉल. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावं वेगवेगळी, आतला माल तोच. मापात दिलं तर लहान मुलांसाठी हे अतिशय भरवशाचं औषध आहे. भरवसा इतका की माप कोणी बघत नाही, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

आधी काय करायचं नाही ते

उलटी करवायची नाही. घशात बोट घालायचं नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. घरातलं मोठं माणूस हे हमखास सुचवणार, आणि त्या घाईत त्यांना नाही म्हणणं अवघड असतं, पण म्हणा. उलटी होताना औषध आणि दूध श्वासनलिकेत गेलं तर नवंच संकट उभं राहतं. एवढ्याशा अंगात मिठाचं पाणी गेलं की रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. दूध, ताक, तूप, लिंबूपाणी यांनी पॅरासिटामॉल उतरत नाही. चुलीतला कोळसा कुटून तर मुळीच देऊ नका. दवाखान्यात कधी कधी काळी भुकटी पाण्यातून पाजतात ती वेगळ्या प्रकारे तयार केलेली असते आणि ती पहिल्या तासाभरातच खऱ्या उपयोगाची.

तोंडात औषध दिसत असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. गोळ्या खाल्ल्या असतील तर गालात, टाळूला, जिभेखाली अडकलेले तुकडे काढा. बाळ शुद्धीवर असेल आणि पाणी मागत असेल तर घोटभर द्यायला हरकत नाही. सर्दीचं, उलटीचं, झोपेचं असं दुसरं कुठलंही औषध विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

कागदावर चार गोष्टी

कोणतं औषध, किती गेलं, किती वाजता, आणि बाळाचं वजन किती. फोनवर आणि दवाखान्यात हेच चार प्रश्न येणार. बाटलीच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा, आणि फोटो काढला तरी बाटली, खोका, गोळ्यांची फाटलेली पट्टी असं सगळं पिशवीत घालून बरोबर न्या. लेबलवर "प्रत्येक ५ मिलीत इतके मिलीग्रॅम" अशी ओळ असते, ती सगळ्यात महत्त्वाची.

किती गेलं हे शोधायला थोडी हुशारी लागते. बाटलीत उरलेलं औषध सिरिंजने मोजा आणि आधी किती वापरलं होतं ते आठवा. जमिनीवर, फ्रॉकवर सांडलेलं दिसतं, पण ते किती हे अंदाजाने वजा करू नका. हिशेब लागत नाही ते सगळं पोटात गेलं असं धरा. दोन पोरं मिळून बाटलीशी खेळत होती असं असेल, तर प्रत्येकाने सगळी बाटली प्यायली असं धरून दोघांनाही न्या. वेळेच्या बाबतीतही तेच. शेवटचं कधी बाटली जागेवर बघितली होती, ती वेळ धरायची.

वजनासाठी तायी कार्ड (आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) बघा, किंवा अंगणवाडीतल्या ताईंना फोन करा, त्यांच्या वहीत गेल्या महिन्याचा आकडा असतो. तेही नसेल तर बाळाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि मग आपलं एकट्याचं वजन त्यातून वजा करा. वयावरून वजन ठरवू नका. आपल्याकडे दोन वर्षांचं पोरगं साडेआठ किलोचंही असतं आणि तेरा किलोचंही.

गणित

चमचा, झाकण, अर्धी बाटली या मापांना इथे अर्थ नाही. औषध मिलीग्रॅममध्ये मोजायचं, आणि बाटल्या तीन जातीच्या असतात. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स: त्यात साधारणपणे १ मिलीत १०० मिलीग्रॅम. साधं सिरप: ५ मिलीत १२० किंवा १२५. जरा मोठ्या मुलांचं: ५ मिलीत २५०. नीट बघा, सगळ्यात छोटी बाटली सगळ्यात कडक आहे. ड्रॉप्सच्या ५ मिलीत ५०० मिलीग्रॅम भरतात, म्हणजे साध्या सिरपच्या चौपट. माझ्या मते लहान मुलांच्या औषधात यापेक्षा जास्त फसवी गोष्ट दुसरी नाही. बाटली लहान, वर बाळाचं चित्र, म्हणजे औषध सौम्य असणार, असं कुणालाही वाटेल. मग ड्रॉपर हरवतो, आणि "पाच मिली द्या म्हणाले होते" हे सिरपचं माप आठवून ड्रॉप्स चमच्याने दिले जातात.

योग्य डोस किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चार डोस, फार तर पाच. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५०. म्हणजे ड्रॉप्स १ ते दीड मिली, साधं सिरप ४ ते ६ मिली, २५० वालं २ ते ३ मिली.

जास्त गेलं असेल तर एकूण मिलीग्रॅमला वजनाने भागा. दहा किलोच्या बाळाला ड्रॉप्स ५ मिली गेले: ५०० भागिले १०, म्हणजे किलोमागे ५०. त्याच बाळाने ड्रॉप्सची १५ मिलीची अख्खी बाटली संपवली: १५००, म्हणजे किलोमागे १५०. २५० वाल्या सिरपची ६० मिलीची बाटली संपवली: ३०००, किलोमागे ३००. अण्णांच्या शर्टाच्या खिशातल्या ६५० च्या दोन गोळ्या चघळल्या: १३००, किलोमागे १३०.

आता या आकड्यांचं काय करायचं? एकदाच घडलेला प्रकार असेल, बाळ एरवी निरोगी असेल आणि किलोमागे ७५ च्या आत असेल, तर यकृताला इजा होण्याची शक्यता फारच कमी. फोन करून सांगा, पुढचा डोस कधी द्यायचा ते विचारा, आणि तोवर काही देऊ नका. ७५ ते १५० च्या मध्ये असेल तर फोन न करता राहायचं नाही, आणि ते म्हणतील तसं करायचं. फोन लागत नसेल तर निघायचं. १५० किंवा वर असेल तर विचारत बसायचं नाही, दवाखाना. परदेशात काही ठिकाणी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ही रेघ २०० वर धरतात, पण त्यांच्याकडे रक्ताची तपासणी हाताशी असते. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या पावसात अडकलेल्या माणसाने २०० च्या भरवशावर घरी थांबावं असं मी म्हणणार नाही.

काही बाळांना हे आकडे लागू नाहीत: तीन महिन्यांच्या आतलं बाळ, यकृताचा आजार असलेलं, चार दिवस पोटात काही न टिकलेलं, किंवा फिट्सची नाहीतर टीबीची औषधं चालू असलेलं. घरात कुणाला टीबी निघाला म्हणून लहानग्यालाही गोळ्या सुरू केलेल्या असतात आणि घाईत ते सांगायचं राहून जातं. यांच्या बाबतीत थोडं जास्त गेलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

"खेळालंय की चांगलं!"

हे वाक्य माझ्या सगळ्यात काळजीचं. पॅरासिटामॉल जास्त झालं की पहिल्या दिवशी बाळाला फारसं काही होत नाही. एखादी उलटी, थोडं मलूल, घाम. बहुतेकांना तेवढंही नाही. पोरगं अंगणात कोंबड्यांच्या मागे पळतं आणि घरचे म्हणतात, बघा, काय झालंय त्याला? त्रास सुरू होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पोटात उजवीकडे बरगडीखाली दुखतं, उलट्या होतात, खाणं सुटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत डोळे पिवळे, लघवी गडद, आणि प्रकरण फार पुढे गेलेलं असतं.

आत असं चालतं. यकृत पॅरासिटामॉल मोडून बाहेर टाकतं, तेव्हा त्यातून थोडासा विषारी पदार्थ तयार होतो. त्याला निकामी करायला यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. नेहमीच्या डोसाला तो पुरून उरतो. डोस फार झाला की साठा आटतो, आणि उरलेलं विष यकृताच्याच पेशींवर उठतं. या सगळ्याला तास लागतात. त्या तासांत बाळ खरोखरच ठीक दिसतं. म्हणून दिसण्यावरून ठरवायचं नाही, बाटलीवरचा आकडा आणि घड्याळ यांवरून ठरवायचं.

उताराही आहे, आणि चांगला आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध हा साठा पुन्हा भरून देतं. जास्त गेल्यापासून आठ तासांच्या आत ते सुरू झालं तर यकृताची मोठी हानी जवळजवळ नेहमी टळते. आठ तासांनंतरही उपयोग असतोच, फक्त हमी कमी होत जाते. म्हणून उशीर झाला, आता काय उपयोग, असं म्हणून घरी बसू नका. याच औषधाच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या कफासाठी आमच्याकडे मिळतात. त्या आणून घरी बाळाला पाजायचा विचार कुणाच्या डोक्यात येऊ नये. त्याचा डोस, अंतर, किती वेळ द्यायचं, सगळं वेगळं असतं.

एक खूण मात्र लगेचची. नुसत्या पॅरासिटामॉलने पहिल्या तास-दोन तासांत बाळ सहसा गुंगत नाही. तुमचं बाळ पेंगत असेल, चालताना झोकांडी जात असेल, तर बाटलीत सर्दीचं किंवा आणखी कसलं तरी औषध होतं असं धरून लगेच निघा.

कुठे जायचं

प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर तिथे नेऊन श्वास, नाडी, साखर बघून घेता येते आणि ते पुढे पाठवण्याची सोय करतात. पण रक्तातलं पॅरासिटामॉल मोजणं आणि उतारा देणं हे मोठ्या दवाखान्याचं काम. बेळगाव, खानापूर, हुक्केरीकडच्यांना बिम्सचा जिल्हा दवाखाना किंवा नेहरूनगरचं केएलई. निपाणीकडून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडतं, तिथे सीपीआर हा सरकारी दवाखाना. अथणी-कागवाडवाल्यांनी मिरज-सांगलीचा विचार करावा. अशा वेळी राज्याची हद्द बघत बसू नका. जवळचं ते आपलं. निघण्याआधी किंवा गाडीतून एकाने फोन करून विचारून घ्या: लहान मुलांचे डॉक्टर आत्ता आहेत का, आणि पॅरासिटामॉलचा उतारा आहे का. उत्तर "नाही" असं आलं तर वाट वाकडी करून दुसरीकडे जाण्याइतका वेळ बहुधा असतो, कारण आपल्या हातात मिनिटं नाहीत, तास आहेत. हे ऐकून ढिले पडू नका, फक्त घाबरून गाडी पळवू नका.

१०८ कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांत चालतो, त्यामुळे हद्दीवरच्या गावातून फोन पलीकडे लागू शकतो. म्हणून पहिल्या वाक्यातच गाव, तालुका, जिल्हा आणि "कर्नाटक" सांगा. समोरचा माणूस कन्नडच बोलत असेल आणि तुम्हाला येत नसेल तर एवढं म्हणा: "मगुविगे ज्वरद औषध जास्ती आगिदे." तेवढ्यावर काम सुरू होतं. जांबोटी, कणकुंबीच्या पलीकडच्या वस्त्यांमध्ये पावसाळ्यात रेंज नसते आणि रात्री वडापची जीपही नसते. तिथल्यांनी गाडी असलेल्या दोन माणसांशी बाळ जन्मल्यावरच बोलून ठेवावं.

दवाखान्यात काय होतं

चार तास होईपर्यंत रक्त घेतलं तरी त्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतील. त्यांचा वेळकाढूपणा चाललाय असं समजून भांडू नका. चार तासांनंतरच्या आकड्याला लावायचा एक तक्ता आहे, रमॅक आणि मॅथ्यू यांचा, १९७५ पासून जगभर वापरला जातो. चार तासांना रक्तात मिलीमागे १५० मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर उतारा सुरू करतात. जिथे ही तपासणी होत नाही, किंवा निकाल यायला फार वेळ लागणार असतो, तिथे तुम्ही सांगितलेल्या प्रमाणावरून उतारा सुरू करतात. म्हणून तुमच्या कागदावरच्या चार ओळींना इतकं वजन आहे.

उतारा शिरेतून द्यायची ठरलेली पद्धत साधारण एकवीस तास चालते, म्हणजे रात्र काढायच्या तयारीने जा. मध्ये अंगावर लाली, पुरळ, खाज, उलटी होऊ शकते, ते लगेच नर्सला दाखवा. यकृताची आणि रक्त गोठण्याची तपासणी पुन्हा पुन्हा होते.

आता ज्याला सगळे घाबरतात ते. विषबाधा किंवा जास्त औषध अशी केस आली की बरेच दवाखाने एमएलसी म्हणून नोंद करतात, म्हणजे पोलिसांना कळवलं जातं. कुणी येऊन विचारपूस करील, सही घेईल. हा त्यांच्या कामाचा भाग आहे, तुमच्यावर ठेवलेला आरोप नव्हे. या भीतीने माणसं आकडा कमी करून सांगतात, "एकच झाकण गेलं असेल". डॉक्टर त्या एका झाकणावर हिशेब करतील आणि बाळाला घरी पाठवतील. सासूबाईंनी दिलं की सुनेने, हा वाद आठवड्याने घाला. गाडीत आणि केबिनमध्ये दोघींनीही आपापलं खरं सांगायचं: मी किती वाजता किती दिलं.

थोडं थोडं करून जास्त होणं

अख्खी बाटली प्यायलेलं पोरगं सगळ्यांना दिसतं. तीन दिवसांत हळूहळू जास्त दिलं गेलेलं पोरगं कुणालाच दिसत नाही, आणि मला जास्त धास्ती त्याचीच वाटते. ताप उतरत नाही. आई सकाळी कामावर जाताना देते, अज्जी अकराला देते, बाबा आल्यावर "अजून गरम आहे" म्हणून देतात. किंवा घरात थोरल्या भावाची २५० वाली बाटली असते आणि धाकट्याला तीच पाच मिली जाते. दहा किलोच्या बाळाला एका वेळी २५०, म्हणजे किलोमागे २५. एकदा गेलं तर काही बिघडत नाही. पण दर चार तासांनी दिलं तर दिवसाचे १५००, म्हणजे किलोमागे १५०, आणि असे दोन दिवस. त्यात बाळ जेवत नाही, उलट्या करतं, म्हणजे यकृताचा साठा आधीच कमी. पुढे मलूल पडलं, खाणं सुटलं, तरी सगळे म्हणतात तापच जोराचा आहे, आणि आणखी एक डोस देतात.

दिवसाची बेरीज किलोमागे ७५ च्या वर जात असेल तर औषध थांबवून डॉक्टरांशी बोला. १०० च्या वर असे दोन-तीन दिवस गेले असतील तर बाळ कसं का दिसेना, त्याच दिवशी यकृताची रक्ततपासणी करून घ्या. वर सांगितलेला चार तासांचा तक्ता इथे लागू पडत नाही, म्हणून "हळूहळू जास्त गेलंय" हे डॉक्टरांना वेगळं सांगायला हवं.

सीमाभागात याची आणखी एक वाट आहे. सासर बेळगावला, माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजला. बाळाला ताप आला तिकडे, तिकडच्या डॉक्टरांनी एक बाटली दिली. दोन दिवसांनी इकडे आल्यावर इकडच्यांनी दुसऱ्या नावाची दिली. दोन्ही चालू राहतात, कारण नावं वेगळी आहेत. त्यात एक ताप-सर्दीचं मिश्रण असेल तर त्यातही पॅरासिटामॉल असतंच. गुदद्वारात ठेवायची तापाची गोळी तर कुणी औषधात धरतच नाही, तीही बेरजेत धरा. लस टोचल्यावर नर्सबाईंनी दिलेली पाव गोळीसुद्धा. दुसऱ्या दवाखान्यात जाताना आधीची बाटली बरोबर न्या आणि टेबलावर ठेवा. डॉक्टर विचारोत न विचारोत.

बाटलीत दुसरंच काही असेल तर

वरचे आकडे फक्त पॅरासिटामॉलचे. आयबुप्रोफेन असेल तर नेहमीचा डोस किलोमागे ५ ते १० मिलीग्रॅम. थोड्या जादा डोसाने सहसा पोटदुखी आणि उलटीच होते, पण किलोमागे १०० च्या वर गेलं तर दवाखाना. मेफेनॅमिक ॲसिड, म्हणजे मेफ्टाल, जास्त झालं तर झटके येऊ शकतात, त्यात घरी थांबून बघायचं नाही. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर ही दोन्ही औषधं मापातही द्यायची नाहीत, रक्तस्राव वाढतो. ॲस्पिरिन मुलांना तापासाठी देतच नाहीत. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून आपल्या देशात बंदी आहे, तरी मोठ्यांच्या पट्टीतली अर्धी गोळी देणारे अजून भेटतात.

सर्दीच्या ड्रॉप्सचं तर बोलायलाच नको. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनच्या मिश्रणावर "४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये" असं छापायचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. तरी शेजारच्या बाळाला उतार पडला म्हणून तीच बाटली मागणारे असतात.

आणि सांधेदुखीचं चोळायचं तेल. विंटरग्रीनचं तेल किंवा मिथाइल सॅलिसिलेट असलेलं. वास छान, रंग छान, आणि अज्जीच्या उशाशी उघडं. शुद्ध विंटरग्रीनचं एक चमचा तेल लहान मुलाचा जीव घेऊ शकतं. ते पोटात गेलं असेल तर काही मोजू नका, निघा.

पुढच्या वेळेसाठी

औषध घेताना खोक्यावर बाळाचं वजन आणि किती मिली द्यायचं ते मेडिकलवाल्याकडून पेनाने लिहून घ्या. कुरकुर केली तरी सोडू नका. त्याच वेळी सुईविना सिरिंज मागा, ५ मिलीची, स्वस्तात मिळते. चहाच्या चमच्यापेक्षा ती हजार पटीने बरी. बाटली दरवेळी हलवायची, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि शेवटचे डोस कडक होतात. दिलेला प्रत्येक डोस भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा: वेळ, मिली, कोणी दिलं. ज्याने लिहिलं नाही त्याने दिलं नाही असं नव्हे, म्हणून चौकट रिकामी असली तरी आधी विचारा.

औषधाला बाळापुढे "चॉकलेट" म्हणू नका. ते गोडच असतं, शोध लावायला वेळ लागत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांची झाकणं दोन वर्षांच्या पोराला सहज उघडतात, त्यामुळे फळीवर ठेवणं पुरत नाही, खुर्ची ओढता येते. कुलूप लागणारं कपाट बघा. पाहुण्यांच्या पर्सा आणि प्रवासाच्या पिशव्या खाली राहतात, त्या उचलून ठेवा.

घरात पॅरासिटामॉलची एकाच ताकदीची एकच बाटली ठेवा. जुनी उरली असेल तर तशीच भरलेली कचऱ्यात टाकू नका, डब्यातून ती पुन्हा बाळाच्याच हाती लागते. औषध चहाच्या चोथ्यात ओता, पिशवीला गाठ मारा आणि मग टाका. रिकामी बाटली धुऊन भंगारात.